जीपचा डायनामो वर घेताना: घरच्या ब्रॅकेटची रीत

इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला आमच्या चोपडा भागात (जळगाव जिल्हा) आजही डायनामोच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो. माझी जुनी महिंद्रा डिझेल जीप केळीच्या बागेत मजूर नेते आणि पावसाळ्यात रोज दोनदा नाला ओलांडते. माझ्याकडे येण्याआधी तिचं इंजिन कोणीतरी बदललं होतं आणि डायनामो पार खाली, ऑइल चेंबरच्या शेजारी टांगला होता. नाल्याचं पाणी सहज तिथवर पोचायचं. काळ्या मातीचा गाळ आत जाऊन सुकला की कार्बन ब्रश अडकायचे, बेअरिंग ओरडायचं. एका पावसाळ्यात दोनदा डायनामो खोलला, तेव्हा तो वर घ्यायचं ठरवलं.

डायनामो इंजिनला धरून ठेवणारा पहिला ब्रॅकेट मी ५ मिलिमीटरच्या पट्टीचा केला, एकाच कानाचा, म्हणजे बोल्ट धरायला एकच उभी पट्टी. दोन महिने टिकला. उनपदेवहून अडावदकडे उतरताना पट्टी वेल्डिंगच्या कडेला तुटली, पट्टा उडाला, आणि दोन वेळा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट झालं. मागे सात बायका बसलेल्या. दुसऱ्या गिअरवर आणि हँडब्रेकवर गाडी थांबली, कुणाला खरचटलंही नाही. पण त्या दिवसापासून मला हा ब्रॅकेट बत्तीचा वाटत नाही, ब्रेकचा वाटतो.

कारण असं, की बऱ्याच डिझेल जीपांमध्ये डायनामोच्या पाठीमागेच हवा ओढणारा व्हॅक्यूम पंप असतो आणि ब्रेकवर पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला त्याच पंपाची ओढ मिळते. म्हणून पाना हातात घेण्याआधी डायनामोच्या मागे हात घालून बघा. तिथे जाडसर रबरी नळी आणि ऑइलचे दोन पाईप असतील, तर तुमचं काम माझ्यासारखंच आहे.

पंप असेल तर इंजिनची बाजू बदलू नका. डावीकडचा डायनामो उजवीकडे नेला की कान उलटे होतात, मग पंपाचं ऑइल परत सोडणारं तोंड वरच्या अंगाला येतं आणि पंपात ऑइल साचतं. साचलेलं ऑइल सील ओलांडून डायनामोत उतरतं. डायनामोच्या पुलीचं तोंडही पुढेच ठेवा, म्हणजे फिरण्याची दिशा तीच राहील. मी त्याच बाजूला सहा इंच वर आणि दोन इंच बाहेर घेतला. अजून वर जागा होती, पण तो मोह टाळला. डायनामो जितका वर जातो, तितकी वॉटर पंपाच्या पुलीवरची पट्ट्याची मिठी सैल होते. त्या पुलीच्या घेराचा साधारण तिसरा हिस्सा तरी पट्ट्याखाली हवा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा वॉटर पंपाचा पट्टा घसरणं परवडणारं नाही. बोनेटपासून एक इंच मोकळं सोडा, कारण इंजिन रबरावर हलतं. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून जितकं लांब जाता येईल तितकं जा, आणि जवळ यावंच लागलं तर मध्ये पत्र्याचा आडोसा लावा.

ब्रॅकेट इंजिनलाच धरायचा. चेसिसला एक टोक आणि इंजिनला दुसरं असं कधीच करू नका, पहिल्याच खड्ड्यात पट्टा उतरेल. ब्लॉकवर आटे पाडलेली रिकामी भोकं बहुतेक इंजिनांवर सापडतात. त्यांतली तीन घ्या, पण एका रेषेतली नकोत, त्रिकोणात बसणारी हवीत. भोकांतली माती तारेच्या ब्रशने काढा, टॅप फिरवून आटे साफ करा. बिडाच्या ब्लॉकमध्ये १० मिलिमीटरचा बोल्ट निदान १५ मिलिमीटर आत गेला पाहिजे. बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं बघूनच घ्या.

साचा मी केळीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा केला. हा पुठ्ठा जाड असतो आणि वाकवला तरी आकार धरून ठेवतो. बोल्टच्या टोकांना ग्रीस लावून पुठ्ठा दाबला की भोकांचे डाग बरोबर उमटतात. तीन पुठ्ठे वाया गेले तरी चालतील, प्लेट वाया जाऊ देऊ नका.

मूळ प्लेट ८ मिलिमीटरची. तिच्यावर दोन कान काटकोनात उभे, म्हणजे डायनामोचा लांब बोल्ट दोन्ही टोकांनी धरला जाईल. माझ्या पहिल्या ब्रॅकेटची खरी चूक हीच होती, बोल्ट एकाच बाजूने लटकत होता. दोन कानांच्या मधली फट भरायला जाड पाईपचा बुश लेथवाल्याकडून मोजून कापून घ्या. वायसरांची चळत रचू नका, ती थरथरून बसते आणि बोल्ट ढिला होतो. प्रत्येक कानामागे तिकोनी आधार लावा. भंगारातून प्लेट निवडताना शेजारचे बापू, ज्यांनी आयुष्यभर मळणीयंत्रं दुरुस्त केली, बोटाने कोपरा दाखवून म्हणाले, "आठे तिकोन लाव भाऊ, नहीते हाई टिकनार नही." (इथे तिकोन लाव, नाहीतर हे टिकणार नाही.) त्यांनी दाखवलेला कोपरा तोच होता जिथे जुनी पट्टी तुटली होती.

आता लाईन. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. क्रँक, वॉटर पंप आणि डायनामो, तिन्ही पुल्यांच्या खाचा एका पातळीत हव्यात. सरळ पट्टी क्रँक आणि वॉटर पंपाच्या पुलीच्या तोंडाला लावा आणि डायनामोच्या पुलीपर्यंत न्या. पुल्यांची जाडी सारखी नसेल तर तोंड बघू नका, खाचेच्या मध्यापासून मोजा. फुटभर अंतरात फरक दीड मिलिमीटरच्या आत आणा. नुसती मागेपुढे नाही, पुली वाकडीही नको. म्हणून पट्टी वर एकदा आणि खाली एकदा लावून बघा. माझी खाली बरोबर होती आणि वर दोन मिलिमीटर बाहेर, तेव्हा मागच्या कानाचं बूड कानशीने घासावं लागलं. संध्याकाळ गेली, पण पट्टा आजही कडेला झिजलेला नाही.

वेल्डिंगला प्लेट गाडीवर ठेवू नका. जागेवर खुणा करा, बाहेर काढून टाके मारा, पुन्हा बसवून लाईन बघा, मगच पूर्ण शिवण करा. गाडीवर टाका मारणं भागच असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह आणि डायनामोच्या सगळ्या वायरी सोडा, नाहीतर आतले डायोड जातील. दहा नंबरचा रॉड, इंच इंच शिवण, एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला. एका दमात ओढली की कान आकसून आत झुकतो. मी दोन कानांमध्ये तोच बुश बोल्टने आवळून ठेवला होता. गार करायला पाणी ओतू नका.

पट्ट्याचं माप सुतळीने घ्या. डायनामो सरकपट्टीच्या, म्हणजे पट्टा ताणायच्या खाचेच्या पट्टीच्या, खाचेत सुरुवातीपासून तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा, म्हणजे पट्टा चढवायलाही जागा राहील आणि ताणायलाही. माझ्याकडे ए-५० मापाचा पट्टा होता, थोडा लांब ए-५३ लागला. अंगठ्याने सर्वांत लांब भाग दाबला की १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त ताणाल तर वॉटर पंपाचं बेअरिंग खाल.

ऑइलचे पाईप. दाबाचा, म्हणजे पंपाला ऑइल देणारा, पाईप ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक नळ्या दाबून देतात तिथे करून घ्या, थोडा सैल, इंजिन हललं तरी ओढला जाऊ नये. त्याच्या बोल्टमधलं बारीक भोक ऑइल मोजून सोडतं, ते मोठं करू नका. तांब्याच्या वायसर नव्या. परतीची नळी ऑइलचीच घ्या, रेडिएटरची नको, ती ऑइलने फुगून मऊ पडते. आणि ही नळी पंपापासून चेंबरपर्यंत सतत उतरती असली पाहिजे. शेतात पाट काढताना मध्ये खोलगट राहिला तर पाणी जसं थांबतं, तसंच इथे ऑइल थांबतं. व्हॅक्यूमच्या नळीत एकेरी व्हॉल्व्ह असतो, तो उलटा बसवू नका.

वायरिंग थोडक्यात सांगतो, पण दोन गोष्टी मनावर घ्या. बॅटरीकडे जाणारी जाड वायर लांबली असेल तर जोड देऊ नका, पूर्ण नवी टाका. दीड मीटर लांबीत ४५ अँपिअरला ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ०.२ व्होल्ट खाते, १६ ची जेमतेम ०.०७. दुसरी गोष्ट अर्थिंगची. डायनामोची अर्थ त्याच्या अंगातून ब्रॅकेटमध्ये आणि तिथून इंजिनात जाते. आपण ब्रॅकेटला हौसेने रंग देतो आणि अर्थ अडवतो. टेकणाऱ्या जागा घासून कोऱ्या ठेवा, वरून डायनामोपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक वेगळी वायर द्या.

गाडी सुरू करून इंजिनच्या मिनिटाला १५०० ते २००० फेऱ्यांवर बॅटरीच्या टोकांवर मीटर लावा. १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत, मोठ्या बत्त्या लावल्यावरही १३.५ च्या खाली नको. चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून बघायची सवय अजून बऱ्याच जणांना आहे, त्याने रेग्युलेटर जळतो. वीस मिनिटं चालवून बंद करा, पट्टा पुन्हा ताणा, १०० किलोमीटरनंतर परत एकदा. त्याच वेळी टॉर्च घेऊन वेल्डिंगच्या कडा बघा. तडा सुरू झाला असेल तर रंगावर केसासारखी काळी रेघ दिसते.

ब्रेकची परीक्षा मात्र रस्त्यावर जायच्या आधीच, अंगणातच घ्या. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, ते घट्ट होईल. तसंच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं आपसूक खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर मजुरांना त्या दिवशी दुसऱ्या गाडीने पाठवा आणि नळ्या पुन्हा तपासायला बसा.