गाळातला राक्षस

सांगलीत आम्ही दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो: टेबलाभोवती बसून, फासे टाकत, आपापल्या पात्राची गोष्ट रंगवायचा खेळ. तो चालवतो मी, राक्षसही माझेच. मी घडवलेले राक्षस दोन फेऱ्यांत आडवे व्हायचे. हिट पॉइंट, म्हणजे राक्षस किती मार सोसतो तो आकडा, ६० चे १२० केले, तर लढाई नुसती लांबली. खरी गोम वेगळीच होती: पाच खेळाडूंच्या पाच चाली, राक्षसाची एकच.

मग कृष्णेतली मगर आठवली. तासन्‌तास निपचित, पाण्यावर फक्त डोळे नि नाकपुड्या. तसा ‘गाळ्या’ केला. पूर ओसरल्यावर भिंतीवर राहते ना ती रेघ, तिच्यातून पाझरणारा. आधी ओल्या मातीचा वास येतो. दर दोन खेळाडूंच्या चालींनंतर त्याला एक छोटी हालचाल दिली: कुणाचा तरी पाय ओढणं किंवा बुडी. कोरड्या राखेने तो थिजतो. हिट पॉइंट परत ६०.

परवा भाचीच्या पात्राने चुलीतली राख उचलली, तेव्हा सगळे खुर्च्या सोडून उभे होते.