ताब्याच्या सुनावणीआधी

घटस्फोटात किंवा वेगळं राहताना मुलाच्या ताब्याच्या सुनावणीची तारीख लागली की बहुतेकांचा हात आधी जोडीदाराविरुद्धच्या पुराव्यांकडे जातो. जुने मेसेज, भांडणांचं रेकॉर्डिंग, नातेवाइकांच्या साक्षी. ती फाइल थोडी बाजूला ठेवा आणि एका वहीत मुलाचा साधा आठवडा लिहून काढा. सकाळी कोण उठवतं, शाळेत कोण सोडतं, ताप आला तर रात्री कोण जागतं, शिक्षकांना कोण भेटतं. जे समोरचा करतो ते त्याच्याच नावावर लिहा, मनाला कितीही लागलं तरी. खोटं लिहिलेलं पहिल्याच उलटतपासणीत उघडं पडतं आणि मग तुमच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही.

या वहीच्या आधारे कागद जमवा: शाळेची प्रगतिपुस्तकं, लसीकरणाची नोंद, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, फी भरल्याच्या पावत्या, घराचा आणि उत्पन्नाचा पुरावा. तारखेनुसार लावा, दोन प्रती काढा. खटला लांबणार असेल तर अंतरिम आदेशाचा, म्हणजे अंतिम निकालापर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचा अर्ज पहिल्याच टप्प्यावर करायला वकिलांना सांगा. मूल जिथे रुळतं तिथून त्याला हलवायला न्यायाधीश सहसा कचरतात, त्यामुळे वाट पाहण्यात गेलेले महिने निकालावर परिणाम करतात.

भेटींचा आराखडा दोन्ही बाजूंनी लिहा: मूल तुमच्याकडे राहिलं तर समोरच्याला कधी भेटेल, आणि त्याच्याकडे राहिलं तर तुम्हाला कधी. ‘सवडीनुसार भेट’ असं मोघम लिहिलं की पुढची भांडणं ठरलेलीच. वार, वेळ, मूल कुठून घ्यायचं आणि कुठे सोडायचं, सुट्ट्या, वाढदिवस, व्हिडिओ कॉल, उशीर झाला तर किती आधी कळवायचं, पासपोर्ट कोणाकडे, हे सगळं नेमकं लिहा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं नववं कलम आई-वडील दोघांशी नियमित संपर्क हा मुलाचा हक्क मानतं, तो त्याच्या हिताविरुद्ध नसेल तोवर.

ही शेवटची अट महत्त्वाची. घरात मारहाण किंवा छळ झाला असेल तर समजूतदार दिसण्यासाठी तो लपवू नका. वैद्यकीय कागद, तक्रारींच्या प्रती, तारखा द्या आणि देखरेखीखालची भेट मागा.

मुलाला मात्र काहीही पढवू नका. याच संहितेचं बारावं कलम सांगतं की मुलाचं म्हणणं ऐकलं जावं आणि वय व समज पाहून त्याला वजन द्यावं. पढवलेली वाक्यं अनुभवी न्यायाधीश आणि समुपदेशक सहज ओळखतात, आणि मूल ते ओझं वर्षानुवर्षं वाहतं. त्याला एवढंच सांगा: तुला जे वाटतं ते बोल, कोण चांगलं हे तुला ठरवायचं नाही. मूल भेटायला ठाम नकार देत असेल तर कारण कोणतंही असो, मानसशास्त्रज्ञाचा अहवाल मागा. २००० साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जर्मनीविरुद्धच्या एका खटल्यात, मुलाला भेटू न दिलेल्या वडिलांच्या बाजूने निकाल दिला. स्वतंत्र तज्ज्ञाचं मत न घेताच भेट नाकारली होती, हे त्यातलं एक मोठं कारण होतं.

मूल परदेशी नेलं गेलं असेल तर दिवस मोजायला लागा. दोन्ही देश मुलांना बेकायदा परदेशी नेण्याविरुद्धच्या १९८० च्या हेग या आंतरराष्ट्रीय कराराचे सदस्य असतील आणि मूल १६ वर्षांखालचं असेल तर परत पाठवण्याची मागणी करता येते. एका वर्षाच्या आत केलेला अर्ज कितीतरी भक्कम ठरतो.

आदल्या रात्री फाइल पुन्हा चाळा, वकिलांशी एकदा बोला. दुसऱ्या दिवशी मुलाला शाळेतून कोण आणणार ते पक्कं करा आणि मुलालाही सांगून ठेवा, कारण कोर्टात तुमच्या खटल्याचा पुकारा कधी होईल याचा नेम नसतो आणि तेवढा वेळ ते फाटकाशी तुमची वाट बघत उभं राहता कामा नये.