खाडीत शिडाची होडी शिकताना : आधी पाणी, मग वारा

शिडाची छोटी होडी शिकायची म्हटलं की सगळे वाऱ्यापासून सुरुवात करतात. कोकणात पहिला प्रश्न पाण्याचा असतो. पाणी चढतंय की उतरतंय, हे कळल्याशिवाय शिडाला हात लावू नका. मुंबईच्या बाजूला उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, मालवणकडे साधारण दोन मीटर. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, कुठलीही खाडी घ्या, सहा तासांत तेवढं सगळं पाणी अरुंद मुखातून आत-बाहेर होतं. त्यातही मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं. वारा पडला असेल तर नवशिक्याची होडी या ओढीपुढे टिकत नाही.

म्हणून दिवस आधी ठरवा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजून उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पंचमीला पावणेचार, सप्तमीला सव्वापाच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच, त्यामुळे सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहा. शिकायला पंचमी ते सप्तमी हे दिवस मला सर्वांत चांगले वाटतात. दुपारी एकच्या सुमाराला होडी पाण्यात घातली तर पाणी चढतं मिळतं आणि अष्टमीचा भांग (भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असण्याचे दिवस) जवळ आल्यामुळे ओढही कमी होत जाते. चढत्या पाण्यात काही चुकलं तर तुम्ही खाडीत आत वाहत जाता, ओहोटीत थेट समुद्राकडे. पौर्णिमा-अमावास्येचे दिवस पुढे कधीतरी.

दुपारी वायव्येकडून खारा वारा येतो. ओहोटीचं पाणी त्याच्या उलट बाहेर पडत असेल तर मुखाजवळच्या वाळूच्या दांड्यावर लाटा उभ्या राहतात आणि फुटतात. काठावरून त्या किरकोळ दिसतात, पण चार मीटरच्या होडीला पुरून उरतात. शिकणाऱ्याने मुखाबाहेर जायचंच नाही. सकाळचा मतलई वाराही फसवा. पाणी गुळगुळीत आणि होडी छान पळते, पण ती जमिनीपासून लांब पळत असते.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर दुपारचा वारा जोर धरतो. पावसाळ्यात अजिबात नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणजे मदतीला येणारी होडीही जवळपास नसते.

होडी लेझरसारखी एका शिडाची आणि एका माणसाची असेल तर जोडणी सोपी. नवख्याने पूर्ण सात चौरस मीटरचं शीड न लावता ४.७ चौरस मीटरचं लहान शीड लावावं. जागा खाडीच्या दक्षिण काठावरची पुळण निवडा, म्हणजे काही बिघडलं तर वायव्येचा वारा तुम्हाला काठालाच आणतो. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याकडे करा आणि जोडणी संपेपर्यंत तशीच ठेवा. डोलकाठीचे दोन भाग जोडून त्यावर शिडाची बाही चढवा, शिडाला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या शिडावरच्या खिशांत सरकवा. डोलकाठी उभी करण्याआधी तिचं बूड आणि होडीतली खोबण बोटाने पुसून घ्या. वाळूचे कण राहिले तर प्रत्येक हेलकाव्याला ती खोबण घासली जाते, आणि ही खोबण फुटली की होडी निकामी. मग डोलकाठीला धरून ठेवणारी दोरी बांधा, नाहीतर होडी उलटल्यावर डोलकाठी निसटते. बूम, म्हणजे शिडाच्या तळाची आडवी काठी, अडकवा, शिडाचं मागचं टोक बूमला घट्ट बांधा. शिडाची दोरी कप्प्यांतून ओवून टोकाला आठाची गाठ मारा, पण ती कशालाही बांधून ठेवू नका. सुकाणू बसवताना खटका लागल्याचा आवाज ऐका. सुकाणूचा दांडा मागच्या आडव्या दोरीखालून जायला हवा. शेवटी पाणी काढायच्या भोकाचं बूच, डॅगरबोर्ड (होडीच्या मधून खाली पाण्यात उतरणारी फळी) आणि लाइफ जॅकेट. पायात बंद बूट हवेतच, खडकांवरची कालवं पाय चिरतात.

निघण्याआधी जेटीवर तांडेलांना, म्हणजे मासेमारी होड्यांच्या प्रमुखांना, विचारा, "दादा, जाळी कुठं लावलीत?" डोल जाळी खुंटांना बांधलेली असतात, ती हलत नाहीत. डॅगरबोर्ड त्यात अडकलं तर नुकसान त्यांचं आणि धोका तुमचा. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरीच्या वाटेतही येऊ नका. परत कधी येणार ते काठावरच्या कुणालातरी सांगून ठेवा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मोबाइलमध्ये हवा आणि मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.

पहिले दिवस फक्त या काठाकडून त्या काठाकडे तिरकी, नैर्ऋत्य-ईशान्य अशी, जा-ये करा. दुपारचा वायव्येचा वारा तेव्हा बाजूने लागतो, आणि शिकायला तीच सोपी चाल. वाऱ्याच्या बाजूला, शिडासमोर तोंड करून बसा. शीड फडफडेपर्यंत दोरी सोडा, मग फडफड थांबेल इतकीच ओढा. जोराचा झोत आला, होडी कलली, गोंधळ उडाला, तर दोरी सोडायची. हे हाताला सवयीचं होईपर्यंत बाकी काही शिकू नका.

वाऱ्याच्या तोंडावर, दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांत, शिडाची कुठलीच होडी जात नाही. तिकडे जायचं तर नागमोडी जावं लागतं. वळताना वेग घ्या, सुकाणूचा दांडा शिडाकडे ढकला, बूमखाली वाका, पलीकडे बसा आणि दांडा सरळ करा. अर्ध्यात थांबलात तर होडी वाऱ्यात अडकते, म्हणून वळण एका दमात पूर्ण करा. वारा पाठीशी घेऊन वळताना बूम जोरात फिरतो. ते वळण सुरुवातीला टाळा, लांबून वाऱ्याकडून वळून या. डोंगराच्या आडोशाला वारा तुटक येतो, तिथे दोरी हातातच असू द्या.

होडी उलटणारच. म्हणून शिकवणारा सोबतीच्या होडीत असताना, खोल पाण्यात, ती एकदा मुद्दाम उलटवा. होडी सोडून काठाकडे पोहू नका. दोरी मोकळी करा, वळसा घालून डॅगरबोर्डकडे जा, त्यावर भार द्या आणि होडी सरळ होताच चढा. उथळ पाण्यात डोलकाठीचं टोक चिखलात रुततं. तेव्हा डॅगरबोर्डवर उभं राहू नका, डोलकाठी वाकते. सोबतीच्या होडीला बोलवा.

परत आल्यावर कप्प्या, खटके आणि शीड गोड्या पाण्याने धुवा, शीड सावलीत वाळवा. बूच काढून आतलं पाणी एका भांड्यात घ्या. पेलाभर असेल तर हरकत नाही. बादलीभर निघालं तर कुठला सांधा गळतोय ते शोधून दुरुस्त होईपर्यंत होडी पुन्हा पाण्यात घालू नका.