जुन्या एमजीबीला नवे दागिने चढवताना या चुका टाळा

इंग्लंडमध्ये ऊन जरा टिकायला लागलं की मला फोन सुरू होतात. कुणीतरी हिवाळ्यात जुनी एमजीबी, म्हणजे उघड्या छताची छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घेतलेली असते, छत खाली करून फिरायची हौस असते, आणि खोक्यात ऑनलाइन मागवलेलं सामान असतं: ब्लूटूथ रेडिओ, एलईडी बल्ब, झगझगीत हेडलाइट, इलेक्ट्रॉनिक इग्निशन. "दादा, शनिवार-रविवारात होईल ना सगळं?" होईल की. सोमवारी टो ट्रकही येईल.

ही गाडी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डनला बनत होती. पाच लाखांहून जास्त निघाल्या, त्यामुळे सुटे भाग आजही सगळे मिळतात, आणि बिघडवायची सोयही तेवढीच भरपूर. माझी १९६६ ची. खाली जे लिहितोय त्यातल्या निम्म्या चुका मी स्वतः केल्या आहेत.

अर्थिंग कुठलं आहे ते न बघता वायर जोडणं

१९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला असतं. आजच्या प्रत्येक गाडीत मायनस असतं. हे वाचून सगळे मान डोलावतात आणि मग पुढे तेच करतात जे मी केलं.

मला रेडिओ हवा होता. मी स्वतःला फार हुशार समजत होतो, म्हणून वायरी उलट्या जोडल्या: रेडिओची लाल वायर बॉडीला, काळी वायर गाडीच्या तपकिरी वायरला. रेडिओचा धातूचा डबा त्याच्या मायनसला जोडलेला असतो, म्हणजे माझ्या गाडीत तो डबाच 'लाइव्ह' झाला. तेही मला कळत होतं, म्हणून डब्याभोवती रबराची शीट गुंडाळली आणि अँटेना काचेला चिकटवणारी घेतली. दोन महिने गाणी वाजली.

मग गणपतीत रेडिंगहून लंडनला मंडळात निघालो. शेजारी बायकोचा मामेभाऊ, मागच्या फळीवर मोदकांचे दोन डबे. खड्ड्यांनी रेडिओ थोडा पुढे सरकला होता. त्याने भल्या मनाने तो अंगठ्याने आत ढकलला. मागचा बोल्ट रबर फाडून आतल्या लोखंडी पट्टीला टेकला. "भावोजी, काहीतरी जळतंय हो." काहीतरी म्हणजे सगळंच. तपकिरी वायर या गाडीत बॅटरीकडून थेट येते, तिला फ्यूज नसतो. रेडिओचा स्वतःचा फ्यूज होता, पण तो लाल वायरीत, म्हणजे माझ्या उलट जोडणीत बॉडीच्या बाजूला. शॉर्ट झाला डब्यातून. फ्यूजला पत्ताही लागला नाही.

गाडी कडेला घेतली. बॅटरी तोडायची तर ती कुठे? सीटमागच्या फळीखाली. सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, त्यावर पत्र्याचं झाकण, त्यावर कार्पेट, त्यावर घडी केलेलं छत, त्यावर मोदक. एकेक बाजूला करून झाकणाचे फिरकीचे स्क्रू सोडवेपर्यंत डॅशबोर्डखालून पांढरा धूर येऊन गेला होता. नवी वायर मी कौतुकाने जुन्या वायरींच्या जुडग्याला दर चार बोटांवर टायने बांधली होती. तिने जळताना शेजारच्या सहा जणींना बरोबर नेलं. नीटनेटकेपणा नडला. मोदक मात्र वाचले, मंडळातल्या एकाने गाडी पाठवून ते वेळेवर पोचवले.

आता मी काय करतो ते सांगतो. पहिली नवी वस्तू बॅटरीचा कट-ऑफ स्विच, बसल्या जागेवरून हात पोचेल असा. त्याआधी दुसरं खोकं उघडायचं नाही. दुसरं, तपकिरी वायरीतून काहीही घ्यायचं असेल तर जोडापासून एक वीतभर अंतराच्या आत फ्यूज. आणि रेडिओ हवाच असेल तर गाडी आधी मायनस अर्थिंगवर न्या. बॅटऱ्या फिरवा, इग्निशन कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल करा, डायनमोचं (बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या जनरेटरचं) ध्रुवीकरण बदला (एफ टोकाची वायर काढून त्या टोकाला बॅटरीच्या लाइव्ह बाजूने क्षणभर स्पर्श, बास), आणि आरपीएमचा मीटर उघडून आतून बदलून घ्या. हा मीटर सगळे विसरतात. नाहीतर पन्नास पौंडांचा बॅटरीवरचा स्पीकर सीटवर ठेवा. आवाज तसाही वाऱ्यात ऐकू येत नाही.

निळ्या क्लिपा

वायर न सोलता चिमटीत दाबून दोन वायरी जोडणाऱ्या त्या प्लास्टिकच्या क्लिपा. तांब्याचे धागे कापतात, पाणी आत घेतात, दुसऱ्या पावसाळ्यात हिरव्या होतात. आणि इंग्लंडात दुसरा पावसाळा पुढच्या मंगळवारी असतो. माझ्या गॅरेजमध्ये अशी क्लिप घेऊन आलेल्याला मी चहा देतो, क्लिप ठेवून घेतो.

रिले न लावता हेडलाइट बदलणं

"दादा, लाइट मेणबत्तीसारखे आहेत, एच४ टाकू का?" म्हणजे नवे हॅलोजन बल्ब. टाका. पण व्होल्टमीटर लावून आधी मोजा. माझ्या गाडीत बॅटरीवर १२.६ व्होल्ट होते आणि बल्बच्या टोकावर १०.८. मधले पावणेदोन व्होल्ट जुन्या स्विचमध्ये आणि गंजलेल्या जोडांमध्ये ऊब बनून जात होते. हॅलोजन बल्बचं व्होल्टेज एवढं पडलं की उजेड जवळपास साठ टक्क्यांवर येतो. म्हणजे दोष बल्बचा नव्हताच.

एमजीबीत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जातो, मध्ये रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही. त्यात जास्त वॅटचे बल्ब घातले की स्विच तापतो, मऊ होतो आणि एका रात्री वळणावर दोन्ही लाइट एकदम जातात. दोन रिले, बॅटरीच्या लाइनवरून फ्यूजसकट जाड वायर, आणि दिव्यापासून बॉडीपर्यंत काळी वायर नवी. एवढं केल्यावर त्याच बल्बवर मला १२.१ मिळाले. बल्ब बदलायची गरजच पडली नाही.

तरीही ५५ वॅटचे दोन एच४ हवेत? हिशेब करा. दोघांना मिळून नऊ अँपिअर, बाकीच्या दिव्यांना दोन, आणि वायपर, हीटरचा पंखा व इग्निशन मिळून दहाच्या आसपास. जुना डायनमो जोरात फिरताना कसेबसे २२ देतो, सिग्नलला उभे असताना जवळजवळ काहीच नाही. पावसाळी संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये तुम्ही बॅटरी खात बसलेले असता. अशांना मी डायनमोच्या जागी आधी अल्टरनेटर (नव्या पद्धतीचा जनरेटर) लावायला सांगतो. ते ऐकत नाहीत, जानेवारीत फोन करतात.

बारीकसारीक

काचेच्या जुन्या फ्यूजवर ३५ लिहिलंय म्हणून ३५ चा नवा ब्लेड फ्यूज घालू नका. ल्यूकसचा (या गाडीचं विजेचं सामान बनवणाऱ्या कंपनीचा) तो आकडा फ्यूज उडण्याचा आहे, सतत पेलायची क्षमता १७. नव्या फ्यूजवर सतत पेलायचा आकडा असतो. १५ चा घाला, फार तर २०.

अल्टरनेटर असलेल्या गाडीत डॅशबोर्डवरचा इग्निशनचा लाल दिवा एलईडी करू नका. अल्टरनेटर जागा व्हायला त्या बल्बमधून जाणारा करंट लागतो.

इंडिकेटरला एलईडी लावले आणि ते मिचमिचत नाहीत, अशी तक्रार असेल तर कारण हे: जुना फ्लॅशर २१ वॅटच्या बल्बांच्या करंटने आतून तापूनच चालतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या.

कट-ऑफ स्विच लागला की पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलल्याशिवाय बाकी काही बदलू नका. सप्टेंबर २०२१ पासून इथल्या पंपांवर साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने चिरतं. नळीवर आर९ छापलेलं बघून घ्या. एका ओळखीच्याकडे चामड्याचं नवं स्टिअरिंग, नवा गिअर नॉब, आणि कार्ब्युरेटरखाली थेंब थेंब पेट्रोल, असा थाट होता.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन मीही लावलंय आणि छान चालतं. फक्त इंजिन बंद असताना चावी 'ऑन'वर ठेवून रेडिओ ऐकत बसू नका. काही मॉड्यूल आणि कॉइल त्यानेच जातात. काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर (जुन्या इग्निशनचे भाग) फेकू नका, त्यांचं माप लावलेल्या प्लेटसकट डब्यात घालून गाडीतच ठेवा. माझा डबा ड्रायव्हरच्या सीटमागे असतो, स्क्रूड्रायव्हर आणि फीलर गेजसह. बॅटरीच्या झाकणावर आता काही ठेवत नाही, मोदकसुद्धा.