ओला कचरा घराबाहेर जाऊ द्यायचा नाही: तीन जुन्या माठांची पद्धत

सांगलीत विश्रामबागेत आमच्या दारात घंटागाडी रोज येते. मी मात्र आता आठवड्यातून एकदाच खाली उतरते. पूर्वी सकाळी चपात्या टाकून बादली घेऊन धावावं लागायचं. घरात माणसं तेवढीच आहेत, स्वयंपाकही तोच. फक्त भाजीची देठं, साली आणि चहाचा चोथा घराबाहेर जाणं बंद झालं, त्याचं आता तीन जुन्या माठांत खत होतं.

कचरा कमी करायचा म्हटलं की बहुतेकजण प्लास्टिकपासून सुरुवात करतात आणि महिनाभरात कंटाळतात. मी सांगेन, सुरुवात ओल्यापासून करा. आमटीनं बरबटलेल्या पिशवीला भंगारवाला हात लावत नाही, तीच कोरडी असली तर पोत्यात भरून नेतो. ओलं बाजूला झालं की सुका कचरा आपोआप स्वच्छ राहतो, वास थांबतो आणि बादली रोज रिकामी करण्याची घाई राहत नाही. शेजारणी विचारतात, "पुढं जाऊन सगळं एकत्रच होतंय, मग घरी वेगळं करून काय उपयोग?" ओलं घरातच जिरलं तर एकत्र व्हायला राहतंच काय? शिवाय कचऱ्याच्या मोठ्या ढिगाखाली ओला कचरा हवेविना सडतो तेव्हा त्यातून मिथेन निघतो. हा वायू पेट घेणारा आहे, म्हणून कचऱ्याचे डोंगर उन्हाळ्यात धुमसत राहतात.

आधी एक आठवडा नुसतं बघा

लगेच काही विकत आणू नका. ओट्यावर एक पातेलं ठेवा, त्यात फक्त ओलं टाका आणि रात्री वजन करा. चार माणसांच्या आमच्या घरात साधारण किलोभर भरायचं. पातेल्यात काय आहे हेही बघा. माझ्या पातेल्यात निम्मं तर खाण्यासारखंच होतं! दोडक्याच्या शिरा, फ्लॉवरची कोवळी पानं, मुळ्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या. शिरा तेलावर कुरकुरीत परतून तीळ, शेंगदाणे, लसूण आणि हिरवी मिरची घालून चटणी वाटायची, भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. शिळी भाकरी कुस्करून फोडणीला टाकायची. आपल्या आज्या हेच करत होत्या, आपण मध्येच सोडून दिलं.

माठ तयार करणे

जुना माठ दोन-तीन उन्हाळे वापरला की त्याची छिद्रं क्षाराने बुजतात आणि पाणी गार होत नाही. असे माठ गच्चीत पडून असतात, नाहीतर ओळखीच्यांकडं मागून मिळतात. पंधरा-वीस लिटरचे तीन जमवा. तडा गेलेलाही चालतो, त्याला बाहेरून सुतळी घट्ट गुंडाळा.

माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. ओल्या मातीला भोक पाडताना ती सहसा तडकत नाही. सकाळी तळाला पाच-सहा आणि अंगाला गोल फिरवत दहा-बारा भोकं पाडा, करंगळीपेक्षा बारीक. ड्रिल नसेल तर खिळा आणि हलका हातोडा पुरतो, पण घाव घालू नका, टकटक करत राहा. माठ दोन विटांवर ठेवा, खाली जुनी परात. तोंडावर झाकण म्हणून पुठ्ठा किंवा फुटकं ताट चालेल. जागा सावलीतली हवी.

सुकं कुठून आणायचं

खत बिघडतं ते बहुतेक वेळा इथंच. भाजीच्या सालींत नत्र (नायट्रोजन) आणि पाणी जास्त असतं. कचऱ्याचं खत करणाऱ्या सूक्ष्मजीवांना नत्राच्या जोडीला कर्ब (कार्बन) लागतो, नत्राच्या एका भागाला साधारण पंचवीस ते तीस भाग, आणि तो सुक्यातून मिळतो. एवढा हिशेब स्वयंपाकघरात कुणी करत नाही, म्हणून सोपं माप लक्षात ठेवा: एक वाटी ओल्यावर एक ते दीड वाटी सुकं. सुकं म्हणजे पाचोळा, नारळाच्या शेंड्या, लाकडाचा भुसा, फाडलेला पुठ्ठा.

आपल्याकडं याची ददात नाही. रसवंतीसमोर उसाच्या चिपाडांचा ढीग पडलेला असतो, मागितलं तर पोतंभर सहज देतात. पण ती तशीच माठात टाकायची नाहीत. पहिल्या वेळी मी टाकली आणि दुसऱ्या दिवशी माठाभोवती मुंग्या आणि गांधीलमाश्या! चिपाडांत साखर उरलेली असते. चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवायची, मग कोयत्यानं बोटभर तुकडे करून पोत्यात भरून ठेवायची. शेतावरचं उसाचं पाचट मिळालं तर त्याहून चांगलं. तेही जाळण्यापेक्षा माठात गेलेलं बरं.

भरायला सुरुवात

तळाशी चार बोटं चिपाडं. त्यावर विरजण म्हणून ओंजळभर तयार खत, किंवा मूठभर ताजं शेण तांब्याभर पाण्यात कालवून. मग रोजचा ओला कचरा. साली बारीक चिरून टाकल्या तर पंधरवडाभर आधी काम होतं, म्हणून भाजी चिरतानाच देठांवर दोनदा विळी फिरवा. चहाचा चोथा गोड असेल तर धुवून घ्या. अंड्याची टरफलं चुरून टाका. देवाची फुलंही इथंच, मात्र हारातला दोरा आणि जरीचा कागद काढून. निर्माल्य कृष्णेत सोडण्यापेक्षा हेच चांगलं, असं माझ्या सासूबाईंनाही पटलं, आता पाकळ्या त्याच सोडवून देतात. प्रत्येक थरावर सुकं, इतकं की वरून ओलं दिसता कामा नये.

तेलकट आमटी, दूध, हाडं आणि मासळीचे काटे टाकू नका. लिंबा-संत्र्याच्या साली थोड्याच.

तीन-चार दिवसांनी काठीनं तळापासून हलवा, म्हणजे आत हवा जाईल. मग मूठभर घेऊन दाबून बघा. बोटांतून पाणी ठिबकलं तर ओल जास्त झाली, सुकं वाढवा. गोळा झाला आणि हात नुसता दमट झाला तर बरोबर. भुगा होऊन सुटला तर पाणी शिंपडा. नाकानंही कळतं. नाकात झणझणणारा उग्र वास आला तर ओलं जास्त झालं, सडक्या अंड्यासारखा आला तर हवा कमी पडली. दोन्हींवर उपाय एकच: सुकं घाला आणि हलवा. पांढरट-करड्या जाड अळ्या दिसल्या तर बिचकू नका, त्या कचराच खातात. चिलटं झाली तर वर दोन बोटं कोरडी माती पसरा.

सांगलीच्या उन्हाळ्यात माठ लवकर कोरडा पडतो, दिवसाआड पाण्याचा हबका मारावा लागतो. महाबळेश्वर-पाटणकडच्या लोकांची अडचण उलटी असते. त्यांनी पावसाळ्यापूर्वीच सुक्याची दोन पोती घरात भरून ठेवावीत आणि माठ पत्र्याखाली घ्यावा.

कचरा खाली बसत जातो, त्यामुळं एक माठ भरायला तीन-चार आठवडे लागतात. मग दुसरा, मग तिसरा. तिसरा भरेपर्यंत पहिल्यातलं काळंभोर, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येणारं झालेलं असतं. वाळूच्या चाळणीनं चाळा. चाळणीत राहिलेली चिपाडं आणि आंब्याच्या कोयी पुढच्या माठाच्या तळाशी. तीन भाग मातीला एक भाग खत पुरतं. आमचा कढीपत्ता दोन वर्षं हातभर राहिला होता, आता गच्चीच्या कठड्यावरून डोकावतो.

सुक्याचं काय करायचं

एक पोतं खिळ्याला अडकवा. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो तुटका त्रिकोणी तुकडा कुणालाच वेचता येत नाही आणि थेट गटारीत जातो. पिशवी खळखळून धुवा आणि नळाला पालथी टांगा. पुठ्ठा, बाटल्या, डबे कोरडे करून पोत्यात. महिन्याला भंगारवाल्याला द्या.

बाजाराला जाताना स्कूटरच्या डिकीत तीन कापडी पिशव्या आणि एक स्टीलचा डबा कायम ठेवा. महाराष्ट्रात कॅरीबॅगवर २०१८ पासून बंदी आहे, तरी दुकानदार देतात कारण आपण हात रिकामा घेऊन जातो. २०१९ च्या महापुराचं पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या झाडांना लोंबणाऱ्या पिशव्या सांगलीकरांनी बघितल्या आहेत.

आणि एक कळकळीनं सांगते: पाणी तापवायच्या बंबात प्लास्टिक घालू नका. आपल्याकडं ही सवय घरोघरी आहे. पिशवी, तुटकी चप्पल, जुनी वायर सगळं बंबात जातं. वायरीच्या आवरणासारखं पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात आणि बंबाशी वाकून फुंकणारी बाई व तिच्या कडेवरचं पोर तो धूर पहिल्यांदा घेतात. बंबाला चिपाडं आहेत, नारळाच्या करवंट्या आहेत.

कापडाला तर आपल्याकडं कधी कचरा म्हटलंच नाही. माझं माहेर खटाव तालुक्यातलं. आई जुनी लुगडी आणि धोतरं थरावर थर ठेवून वाकळ शिवायची, कडेपासून आत धावदोरा घालत. आता सुती साड्या कमी आणि सिंथेटिक जास्त, त्या वाकळेला नीट बसत नाहीत, घामही टिपत नाहीत. म्हणून सुती कपडा वाकळेला किंवा फडक्याला, सिंथेटिक धड असेल तर बोहारणीला.

जे उरतं ते

एवढं केल्यावर गाडीत द्यायला थोडंच राहतं. वापरलेले सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. सेल, ट्यूबलाइट आणि मुदत संपलेली औषधं वेगळ्या खोक्यात साठवा आणि गाडीवाल्याला सांगून हातात द्या. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून सुतळीनं बांधा आणि वर मार्करनं मोठ्या अक्षरांत 'काच' लिहा. गाडीवरची माणसं पिशव्यांत हात घालून कचरा वेगळा करतात.