बसस्टँडवर दिवे लावताना या चुका टाळा

रात्री नऊनंतर एसटी स्टँडवर माणसं कुठे उभी असतात, ते पाहा. हायमास्टखालचं, म्हणजे उंच खांबावरच्या मोठ्या दिव्यांखालचं, पटांगण रिकामं असतं आणि शेवटच्या गाडीची वाट पाहणाऱ्या बायका चहाच्या टपरीजवळ थांबलेल्या असतात. टपरीतल्या साध्या ट्यूबचा उजेड समोरून तोंडावर पडतो, शेजारी कोण उभं आहे ते कळतं. माझ्या मते स्टँडवरच्या दिव्यांची खरी कसोटी हीच: चेहरा दिसतो का?

तक्रार आली की एक हायमास्ट उभारून मोकळं होणं, ही सगळ्यात मोठी चूक. तो उजेड पटांगणात पडतो. पत्र्याच्या शेडखाली, जिथे प्रवासी बसतात, तिथे मात्र गडद सावली. शिवाय लख्ख उजेडातून अंधारात गेलं की डोळे सरावायला काही मिनिटं लागतात. स्वच्छतागृहाकडे निघालेल्या बाईला तेवढा वेळ जवळजवळ काहीच दिसत नाही, आणि अंधारात उभ्या असलेल्याला ती स्पष्ट दिसत असते. म्हणून शेडच्या आत, छताला, थोड्या थोड्या अंतरावर कमी वॅटचे दिवे लावा. स्वच्छतागृहाची वाट, दार आणि मागची बाजू फलाटाइतकीच उजळा.

काम झालं की रात्री जाऊन तपासा. कुणाला तरी ४ मीटरवर, म्हणजे पाच-सहा पावलांवर उभं करा. नाकडोळे ओळखू येत नसतील तर लक्समीटरचा, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा कितीही चांगला असो, काम अपुरं आहे. रोज तिथून ये-जा करणाऱ्या बायकांना या वेळी बरोबर घ्याच.

भिंतीवर आडवे ठोकलेले फ्लडलाइट डोळ्यांत घुसतात. त्यांची तोंडं खाली वळवा. जुन्या सोडियम दिव्यांत लाल शर्ट तपकिरी दिसतो, मग पळालेल्याचं वर्णन काय सांगणार? एलईडी घेताना ३००० ते ४००० केल्विन (उजेडाची छटा) आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० च्या वर, एवढं निविदेतच लिहा.

टायमर एकदा लावून विसरू नका. मुंबईत जुलैच्या सुरुवातीला सूर्य सव्वासातनंतर मावळतो, नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास. उन्हाळ्यात सातला लावलेला टायमर हिवाळ्यात क्लास सुटलेल्या मुलींना तासभर अंधारात ठेवतो. अंधार पडला की आपोआप दिवे लावणारा फोटोसेल बसवा, पण त्यावर दुसऱ्या दिव्याचा उजेड पडणार नाही अशा जागी.

आमच्या स्टँडवर एक ट्यूब महिनाभर फडफडत होती. तक्रार करताना जागा कशी सांगायची, इथेच गाडं अडायचं. प्रत्येक खांबावर क्रमांक रंगवा आणि खाली फोन नंबर लिहा.