तपासलेला पेपर घरी आल्यावर: गुणांआधी उत्तरे कशी वाचावीत

घटक चाचणीचा तपासलेला पेपर मुलाने दप्तरातून काढला की बहुतेक घरांत पहिला प्रश्न ‘किती पडले?’ आणि दुसरा ‘वर्गात सगळ्यात जास्त कोणाला?’ हा असतो. एवढे कळले की पेपर सहीपुरता उरतो आणि मूल काय शिकले, नेमके कुठे अडले हे सांगणारा घरातला सर्वांत भरवशाचा कागद कोणी न वाचताच शाळेत परत जातो. शिकण्याला गुणांपेक्षा अधिक मोल द्यायचे असेल, तर सुरुवात या कागदापासून करणे सोयीचे ठरते.

पेपर त्याच संध्याकाळी घाईने पाहू नये. सुट्टीच्या दिवशी सवडीने मुलाला शेजारी घेऊन बसावे आणि गुण लिहिलेला कोपरा सरळ दुमडून टाकावा. हा सल्ला विचित्र वाटेल, पण त्याला आधार आहे. इस्रायलमधील संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुलांना केवळ शेरे, काहींना केवळ गुण आणि काहींना दोन्ही दिले गेले. ज्यांना केवळ शेरे मिळाले त्यांची पुढची कामगिरी सुधारली. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेल्यांना मात्र शेऱ्यांचा तसा लाभ झाला नाही. आकडा दिसला की नजर तिथेच अडकते, मुलाची आणि पालकांचीही.

आता चुकीची उत्तरे एकेक करून वाचावीत आणि प्रत्येक ठिकाणी ‘हे कसे केलेस ते सांग’ एवढेच म्हणावे. ‘असे का केलेस?’ हा प्रश्न ऐकताच मूल बचावाच्या पवित्र्यात जाते. समजा, चौथीतल्या मुलीने ५०३ − २६७ याचे उत्तर ३६४ लिहिले आहे आणि ४०२ − १५८ याचे ३५६. घरात याला ‘सिली मिस्टेक’ म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे, पण हा निष्काळजीपणा नव्हे. तिने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: तीनातून सात जात नाहीत म्हणून सातातून तीन, शून्यातून सहा जात नाहीत म्हणून सहातून शून्य. ५८७ − २४३ हे उदाहरण तिने बरोबर सोडवलेले असणार, कारण तिथे हा नियम चालून जातो. म्हणजे पेपरात अशा चार वजाबाक्या चुकल्या असल्या, तरी शिकायची राहिलेली गोष्ट एकच आहे, आणि गुणांच्या आकड्यात ती कधीही दिसली नसती.

उपायही मग नेमका करता येतो. शंभराच्या पाच नोटा आणि रुपयाची तीन नाणी तिच्यासमोर ठेवून त्यांतून २६७ रुपये मागावेत. एक नोट मोडून दहाच्या दहा, त्यांतली एक मोडून रुपयाची दहा नाणी, असे तिने स्वतः केले की चार शतक, नऊ दशक आणि तेरा एकक डोळ्यांसमोर येतात आणि २३६ हे उत्तर का येते ते कळते. त्यानंतर जुनेच उदाहरण पुन्हा न देता ६०४ − २३७ असे नवे द्यावे.

तिला ते जमले, तर कौतुक कशाचे करायचे हा प्रश्न उरतो. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ मधील प्रयोगांत ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुले कठीण कोडी न सुटल्यावर नंतरची सोपी कोडीही पहिल्यापेक्षा वाईट सोडवू लागली, तर मेहनतीबद्दल शाबासकी मिळालेल्यांची कामगिरी सुधारली. मात्र यावरून ‘प्रयत्न केलेस ना, मग झाले’ असा सरसकट शेरा देणे चूक आहे, आणि आजकाल तो जरा जास्तच ऐकू येतो. चुकीच्याच रीतीने तीन तास घासणे हे कौतुकाचे नाही. रीत बदलणे, अडल्यावर विचारणे, खोडून पुन्हा मांडणे हे आहे. म्हणून ‘नोट मोडायचे तुझे तुलाच सुचले’ असे नेमक्या कृतीचे नाव घेऊन सांगावे.

शाळेच्या प्रगतिपुस्तकातही यासाठी जागा आहे. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. त्यात पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गातल्या कामावरून होणाऱ्या, मूल्यमापनाचा वाटा ७० टक्के, तर सातवी-आठवीला ४० टक्के ठेवण्यात आला, आणि वर्णनात्मक नोंदींत ‘सुधारणा आवश्यक’ असा रकाना आला. पालकसभेत श्रेणीबद्दल बोलण्याऐवजी या रकान्यावर बोट ठेवून ‘हे वर्गात कधी दिसले?’ असे बाईंना किंवा सरांना विचारावे. रकान्यात ठरावीक वाक्य उतरवलेले असेल, तर तेही या प्रश्नाने लक्षात येते.

नातेवाइकांनी टक्के विचारले, तर उत्तर मुलाला देऊ द्यावे आणि भावंडांची तुलना सुरू झाली की विषय बदलावा.

गुणांना काहीच किंमत नाही, असे मुलाला सांगू नये. ते खरे नाही आणि त्याला ते कळतेही. पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा व अनुत्तीर्णांसाठी पुनर्परीक्षा आहे, आणि अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवरच ठरतो. पण दहावीच्या निकालानंतरही वाचण्याची हीच रीत उपयोगी पडते. मंडळाकडे ठरलेल्या मुदतीत अर्ज आणि शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळवता येते. पालक ती बहुधा पुनर्मूल्यांकनात चार गुण वाढतील या आशेने मागवतात. एखाद्या विषयात ३५ च्या आत राहिलेल्या मुलाने मात्र पुरवणी परीक्षेच्या तयारीसाठी ती मागवावी. कोणते प्रश्न कोरे सोडले, कोणते अर्धवट राहिले आणि कोणते चुकीच्या समजुतीने लिहिले अशा तीन खुणा करून अभ्यास तिसऱ्या प्रकारापासून सुरू करावा, कारण कोरे सोडलेले प्रश्न आपल्याला येत नाहीत हे मुलाला आधीच ठाऊक असते.